मंडळाच्या खोलीतली पावणी

समस्त लालबाग-परळकर नागरिकहो, माताभगिनींनो, संपावर असलेल्या आणि संपून गेलेल्या कामगार बंधूंनो, कृपया शांतता राखावी. एक अत्यंत गंभीर वार्ता आपणांस कळविण्यात येत आहे. आमच्या बेंबीच्या वर, उजव्या अंगाला, दोन बोटांवर एक लाल ठिपका उगवला आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही घाबरून जाऊ नये.

ही घोषणा मी खरोखर केली होती. उघड्या अंगानं, एक पाय ट्रंकेवर ठेवून, चांगल्या खणखणीत आवाजात. शांतता राखा असं सांगायची मात्र गरज नव्हती. खोलीत माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

खोली कसली, गावच होतं ते. आमच्या कोकणातल्या गावाच्या मंडळानं लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर ती फार पूर्वी घेऊन ठेवली होती. गावातला पुरुष गिरणीत कामाला आला की इथे उतरायचा, इथेच राहायचा, आणि म्हातारा होऊन गावी परतला की त्याच्या जागेवर त्याचा पुतण्या यायचा. वीस-बावीस जण तरी असतील. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच चटईवर, त्याच उबेत आडवे व्हायचे. भिंतीवर प्रत्येकाची खुंटी, खुंटीखाली प्रत्येकाची ट्रंक आणि ट्रंकेसमोर प्रत्येकाची झोपायची पट्टी. मी होतो बदली कामगार. कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला की त्याच्या जागी गिरणीत उभं राहायचं, हे माझं काम. खोलीतही मी बदलीच होतो. माझी अशी पट्टी नव्हती; ज्याची रिकामी असेल तिथे, नाहीतर बाहेर गॅलरीत.

मग संप झाला. सुरुवातीचे महिने खोली उलट तुडुंब भरली, कारण सगळ्या पाळ्या एकदमच घरी. पत्ते, सभा, सभेवरून भांडणं, भांडणानंतर पुन्हा पत्ते. पुढे एकेक जण "जरा शेती बघून येतो" म्हणून निघायला लागला. येतो म्हणून गेलेला काही येईना. दुसऱ्या वर्षी शिमगा आला तेव्हा उरलेले चार-पाच जणही पालखीला खांदा द्यायला गेले. मंडळाचे चिटणीसकाका जाताना मला म्हणाले, "तू रव हयसर. खोली राखूक कोणतरी होयो." बरोबरच होतं. आईवडील नव्हते, चुलत्यांच्या घरात शिमग्याला माझ्यावाचून काही अडणार नव्हतं.

अशी आयुष्यात पहिल्यांदा आख्खी खोली माझी झाली. मी राजासारखा रोज वेगळ्याच्या पट्टीवर झोपायला लागलो. आज मुकादमी करणाऱ्या जॉबरची, उद्या फिटरची, परवा खुद्द चिटणीसकाकांची, खिडकीखालची, वाऱ्याची. झोप एकीवरही लागली नाही. वीस जणांच्या घोरण्यात वाढलेल्या माणसाला शांतता सहन होत नाही. शिवाय वीस जण गेले तरी त्यांचे ढेकूण गावी गेले नव्हते. पालखीशी त्यांना काय कर्तव्य? एवढ्या सगळ्यांची पोटं आता माझ्या एकट्यावर होती, आणि मी त्यांना नाराज करत नव्हतो.

म्हणून त्या पहिल्या ठिपक्याचा आळ मी ढेकणांवर घेतला आणि विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छातीवर आणखी काही दिसले. ढेकूण चावतो तो शिस्तीत चावतो, चटईला लागलेल्या अंगावर एका रांगेत. हे मात्र सभेनंतर पांगलेल्या माणसांसारखे इकडे तिकडे उभे होते. मग मी म्हटलं, रंगपंचमी आहे, कोणा पोरानं फुगा मारला असेल. थुंकी लावून घासून बघितलं. रंग गेला नाही. मग म्हटलं, घामोळं. पण घामोळं बारीक आणि दाट असतं, खसखस सांडल्यासारखं. हे मोठे आणि सुटे.

आणि पाठीला खाज सुटली.

आता मंडळी, माणसाच्या देहाची रचना ज्यानं केली त्याला एक प्रश्न मला कधीतरी विचारायचा आहे. पाठ मागे का ठेवली? जिथे स्वतःचा हात पोचत नाही, जी स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, अशी एवढी मोठी जागा द्यायचीच कशाला? चाळीत हा प्रश्न कधी पडला नव्हता. "बघ रे जरा" म्हटलं की तिघं बघायचे, दोघं खाजवायचे आणि एक जण फुकटचा धपाटा घालायचा. त्या दिवशी मी दाढीचा आरसा एका हातात धरला, जेवणाचं स्टीलचं ताट भिंतीला टेकवलं आणि दोन्हींच्या मध्ये उभा राहून स्वतःभोवती फिरू लागलो. ताटात एक लांबडा, पिवळट, हलणारा माणूस दिसला. त्याच्या पाठीवर काहीतरी होतं. मी ताटाला विचारलं, "किती आहेत रे?" ताटातला माणूस नुसता हलला.

अंग दोन दिवस मोडून येत होतं, कानशिलं गरम होती, हे तेव्हा लक्षात आलं. ताप आला हे कळायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागतो.

जेवायला मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जायचो. तिथल्या खोलीत आमच्याच गावच्या एक मावशी खानावळ चालवायच्या. नवरा गेल्यावर तरुणपणीच मुंबईत आल्या आणि गिरणीच्या माणसांना जेवू घालता घालता म्हाताऱ्या झाल्या. संपापूर्वी तिथे दोन पंगती उठायच्या. आता मी आणि आणखी दोन गिऱ्हाईकं, बस्स. पण एक नवं माणूस वाढलं होतं. मावशींची एकुलती मुलगी अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समधून बाळंतपणाला माहेरी आली होती. आज-उद्यावर आलेली. तिला मी ताई म्हणायचो. एवढं अवघडलेलं अंग घेऊनही ती ताटं वाढायची आणि वाढताना टोमणेही वाढायची.

"या राजे. आज कोणाच्या गादीवर झोपलात?"

"फिटरच्या."

"मग आज नळ दुरुस्त करून द्या आमचा."

दिवसभरात माझ्याशी कोणी बोलायचं ते एवढंच. दोन्ही वेळचं जेवण धरून पंधराएक वाक्यं. मी ती खोलीत परत नेऊन पुरवून पुरवून वापरायचो. भिंतीसमोर उभा राहून ताईचा आवाज काढायचो, मग माझं उत्तर, मग आणखी एक उत्तर, जे तिथे सुचलं नव्हतं.

तर त्या दुपारी मी उंबऱ्यापाशी पोचलो आणि मावशींनी हातातला डाव तलवारीसारखा पुढे केला.

"थांब. थयच थांब. मानेक काय झाला तुझ्या?"

"ढेकूण, मावशी."

आतल्या दोन गिऱ्हाईकांपैकी एक म्हणाला, "घामोळं आहे ते. उन्हं वाढलीत."

दुसरा म्हणाला, "कसलं घामोळं! पित्त उठलंय. काल बांगडा जास्त हाणलान त्यानं."

"माझो बांगडो ताजो होतो!" मावशी गरजल्या. मग आवाज उतरला. त्यांनी एकदा माझ्या मानेकडे बघितलं, एकदा मागे उभ्या असलेल्या ताईच्या पोटाकडे. "तू आदी डॉक्टरकडे जा. मग जेवाण."

दवाखाना परळच्या नाक्यावर होता. डॉक्टर पुण्याकडचे, बोलायला सावकाश. शर्ट काढायला लावला. दिवा जवळ ओढला. माझी पाठ वळवली आणि बोटानं एकेक पुरळ चाचपत गेले. मंडळी, खरं सांगतो, त्या क्षणी मला काय झालंय यापेक्षा कोणीतरी माझी पाठ बघतंय याचंच मला इतकं बरं वाटलं की आणखी थोडा वेळ लागला असता तरी चाललं असतं.

"याआधी ताप आला होता?"

"आला असावा."

"असावा म्हणजे?"

"हात लावून बघायला कोणी नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग केस बाजूला करून टाळू बघितली, तोंड उघडायला लावून टाळा बघितला.

"आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण ढेकूण असते तर हातापायांवर, उघड्या अंगावर जास्त असते. हे तुमचे छाती, पोट, पाठ इथून सुरू झालेत. डोक्यातही एक आहे. मला कांजिण्यांचा संशय आहे. उद्या नीट बघा. लाल ठिपक्यावर पाण्याचा थेंब बसावा तसा फोड आला, आणि त्याच्या शेजारीच एखादा नुकता उगवलेला, एखादा खपली धरू लागलेला, असे सगळे एकाच ठिकाणी एकाच वेळी दिसले, तर शंका ठेवू नका. फोडू नका, खाजवू नका. ताप चढला, धाप लागली, तर लगेच या. मोठ्या माणसाला हा आजार जड जातो. घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही."

"छान," ते म्हणाले आणि मग ओशाळले. "म्हणजे, तसं छान नव्हे. या आजारात बरं. आणि जेवता कुठे?"

मी खानावळीचं सांगितलं. ताईचं सांगितलं. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं.

"तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का, ते विचारा. येऊन गेल्या असतील तर चिंता नाही. नसतील, तर दिवस भरत आलेल्या बाईला हा संसर्ग वाईट. तिला आणि बाळालाही. मग तिनं बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. आणि तोवर, सगळ्या खपल्या वाळेपर्यंत, तुम्ही तिच्या आसपास फिरकू नका."

गुलाबी रंगाचं एक औषध अंगाला लावायला दिलं. येताना मी पूर्ण रस्ता एकच हिशेब मांडत आलो: काल तिनं मला भात वाढला, परवा वाढला, त्याच्या आदल्या दिवशी मीठ मागितलं तेव्हा ती वाटी घेऊन अगदी शेजारी उभी राहिली होती.

दुसऱ्या सकाळी खिडकीपाशी जाऊन पोट बघितलं. बेंबीवरच्या त्या पहिल्या ठिपक्यावर पाण्याचा थेंब बसला होता, इतका स्वच्छ की पुसावासा वाटावा. त्याच्या डाव्या हाताला एक नवा, लालबुंद, कालपर्यंत नव्हता. आणि छातीवरचा एक मधोमध खचून तपकिरी व्हायला लागला होता. एकाच पंगतीला बारशाचा, लग्नाचा आणि साठीशांतीचा, सगळे बसले होते. संशय फिटला. मी कडी लावून घेतली आणि आतूनच ओरडलो, "मावशी! कांजिण्याच आहेत!"

गॅलरीतून धावत आलेली पावलं दारापासून दूरच थांबली.

"नाव घेव नको मेल्या!" मावशी कुजबुजल्या, पण अशा कुजबुजल्या की खालच्या मजल्यावर ऐकू जावं. "नाव घेतला की रागावता ती. पावणी म्हण. पावणी इली हा."

त्यांच्या घरची ही रीतच होती. अंगावर असलं काही उठलं की त्या दुखण्याचं नाव कोणी तोंडातून काढायचं नाही. ती पावणी. पाहुणीसारखी यायची, तिला मानानं वागवायचं, थंड ठेवायचं आणि गोड बोलून वाटेला लावायचं. त्या दिवसापासून माझं स्थान चाळीत एकदम उंचावलं. दारावर कडुनिंबाचे डहाळे आले. उंबऱ्यावर हळदकुंकू पडलं. अंथरायला आणि पांघरायला म्हणून मावशींनी त्यांची धुऊन धुऊन मऊ झालेली दोन लुगडी दिली, कारण पावणीला खरखरीत चालत नाही. जेवणाचं ताट दाराशी ठेवून त्या लांब जाऊन उभ्या राहायच्या, मी दार उघडून घ्यायला वाकलो की हात जोडायच्या.

"आई, थंड हो. पोराक सांभाळ."

मी एकदा गंभीर चेहऱ्यानं उजवा हात उचलून आशीर्वाद दिला.

"तुका नाय, तिका!" मावशी करवादल्या.

आणि फोडणी बंद! पावणीला फोडणीचा वास खपत नाही. स्टोव्ह एकच, त्यामुळे खानावळीतल्या त्या दोन गिऱ्हाईकांनाही दहीभात, बिनफोडणीचं वरण आणि उकडलेला दुध्या. तळलेला बोंबील दृष्टीआड झाला. त्यातला एक रोज जेवून जाताना माझ्या दाराशी थांबायचा आणि विचारायचा, "कधी जातेय रे तुझी पावणी? पोटात नुसतं थंड पडलंय."

हे सगळं हसायचं झालं. पण दाराबाहेरचं.

आत मी होतो, आणि वीस ट्रंका. त्या लुगड्याला भाताचा, कोकमाचा आणि पावडरीचा वास होता. खाज इतकी की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो. ताप चढला की खुंट्यांवरचे राहून गेलेले सदरे हलल्यासारखे वाटायचे, जणू आता एकेक जण त्यात शिरून म्हणेल, सरक रे, माझी पट्टी आहे. सरकायला मी तयार होतो. गुलाबी औषध पुढे लावून व्हायचं. पाठीला लावायला मी ते भिंतीला फासलं आणि भिंतीला पाठ घासली. आजही ती खोली कोणाकडे असेल तर रंगाच्या खाली कुठेतरी माझ्या पाठीचा गुलाबी ठसा असेल.

आणि डोक्यात एकच घोळ: ताईला येऊन गेल्या होत्या की नाही?

कारण ते कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी आतून विचारलं होतं.

"माका म्हायत नाय," मावशी म्हणाल्या.

"आई असून?"

"मी हय होतंय. ती गावाक, जावेकडे. वर्षातून एकदा गणपतीक जायचंय तितक्याच." मग त्या म्हणाल्या, "तिचो पयलो दात पडलो तोसुद्धा माका दुसऱ्यान येवन सांगितलो."

ताईला स्वतःला काही आठवत नव्हतं. "काहीतरी आलं होतं अंगावर, दादा," ती तिच्या टोकावरून ओरडून सांगायची. "गोवर असेल. नाहीतर मुंग्या चावल्या असतील. मला फक्त काकूनं गूळ दिलेला आठवतोय."

तेवढ्यावरून निदान होईना. शेवटी मावशींनी गावी निरोप धाडायचं ठरवलं. शेजारच्या चाळीतला एक जॉबर शिमग्याला उशिरानं निघाला होता, तो खानावळीत शेवटचं जेवून गेला. मी दाराला कान लावून ऐकत होतो. मावशींनी त्याला बजावून सांगितलं, "माझ्या जावेक सांग, मंडळाच्या खोलयेत पावणी इली हा. आमच्या बायकडे ल्हान असताना पावणी इल्ली काय, तेवढा विचारून कोणाकडून तरी कळव. इसरा नको."

जॉबर विसरला नाही. पण तो कापडाच्या गिरणीतला माणूस, बायकांच्या बोलीतला नव्हे. गावात उतरला तो थेट देवळासमोरच्या मांडावर, जिथे पालखीभोवती गाव जमलं होतं, आणि ढोल थांबल्यावर त्यानं निरोप सांगितला: मुंबैस मंडळाच्या खोलीत पाहुणी आलीय. मावशींचा प्रश्न तेवढा त्यानं मागाहून जावेच्या घरी जाऊन विचारला. हे सगळं अर्थात मला नंतर कळलं. इकडे आम्ही उत्तराची वाट बघत होतो.

रोज सकाळी ताई तिच्या दारात स्टूल टाकून बसायची. मी माझं दार बोटभर उघडायचो. मधे लांबलचक रिकामी गॅलरी, जिथे एरवी पाय ठेवायला जागा नसायची.

"दादा, आज किती?"

"मोजणं सोडलं. तोंडावर आल्यात."

"आरशात बघू नका, आरसा घाबरेल."

"तुला काही? ताप? ठिपका?"

"काही नाही. पोरगं लाथा मारतंय फक्त."

हा प्रश्न मी सकाळ-संध्याकाळ विचारायचो. ती "काही नाही" म्हणाली की मी दार लावून घ्यायचो आणि पुढच्या वेळेपर्यंत ते दोन शब्द घेऊन बसायचो. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ बडबड केली, लोकांपुढे उभं राहून, पैसे घेऊनही केली. पण कोणाच्या तोंडून काही ऐकण्यासाठी इतका जीव पुन्हा कधी टांगला नाही.

गावाहून उत्तर येईना. माझे नवे ठिपके उगवायचे थांबले, पाण्याचे फोड सुकू लागले, खपल्या धरल्या. पण सगळ्या वाळल्या नव्हत्या. आणि अशा एका दुपारी जिन्यावर छत्रीची काठी आपटल्याचा आवाज आला.

चिटणीसकाका. पालखी देवळात गेली तशी पहिली एसटी पकडून आले होते. धोतर, कोट, बगलेत छत्री. आल्या आल्या त्यांना काय दिसलं असेल, तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. मंडळाच्या दारावर हिरवा पाला लटकतोय. उंबऱ्यावर हळदकुंकू. आणि गॅलरीतल्या दोरीवर, जिथे आजवर फक्त बनियनी आणि लेंगे वाळले, तिथे एक नऊवारी लुगडं वाऱ्यावर हलतंय.

"लगीनच केलंस की काय रे भोसडीच्या?"

मी दाराशी धावलो, पण कडी काढली नाही. ताई बाहेर बसली होती.

"काका, तुम्ही? आत येऊ नका!"

"आत येव नको? माका सांगतस? माझ्या खोलयेत?" छत्री दारावर बसली. "ह्या मंडळाच्या खोलयेत आजपर्यंत बायलमाणसान पाय ठेवलेलो नाय! खय असा ती?"

"कोण?"

"पावणी!"

"माझ्या अंगावर आहे, काका."

बाहेर श्वास अडकल्याचा आवाज आला. तोपर्यंत माझ्या मनात काही पाप नव्हतं, शपथेवर सांगतो. पण त्या आवाजावरून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी कोणी एवढ्या आवेशानं बोलत होतं की ते संपू नये असं वाटलं.

"निर्लज्ज! कधीपासून?"

"रंगपंचमीपासून."

"काढ तिका भायर!"

"अशी काढता येत नाही, काका. डॉक्टर म्हणाले, ती आपणहून जाते. जबरदस्ती केली तर डाग राहतात."

"डाग? मंडळाक डाग लागलो, त्येचा काय?" छत्री पुन्हा दारावर बसली. "आणि तुम्ही गे!" हे मावशींना, ज्या आवाज ऐकून धावत आल्या होत्या. "तुमका म्हायत होता? तुम्ही जेवाण देतास तिका?"

"रोज," मावशी म्हणाल्या. "दहीभात. ते सोडा, जाऊबाय काय म्हणाली ता आदी सांगा."

"ती तुमची जाव! तिका तर काय येड लागला हा." काकांचा आवाज वैतागानं चिरकला. "मी हय मंडळाची अब्रू वाचवूक निघालंय, आणि ती वाटेत आडवी येवन सांगता, माझ्या धाकट्या जावेक निरोप देवा, बायकडे पावणी ल्हानपणीच येवन गेली हा, माझ्याच मांडयेर होती, आता परत येवची नाय, काळजी करू नको. मी म्हटलंय, कोण पावणी, खयची, नाव काय तिचा? तर नाव घेवचा नाय म्हणता!"

मग मावशी खाली बसल्याचा धप्प आवाज आला, आणि एक हुंदका, आणि त्यातच हसू. "माझ्याच मांडयेर होती म्हणाली?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "जावेच्या मांडयेर? रडली काय गो बाय तेव्हा? किती रडली, काय सांगितला?"

"आई," ताई तिच्या टोकावरून ओरडली, "रडतेस काय, फोडणी दे आता!"

"उघड रे!" मावशींनी माझ्या दारावर थाप मारली. "उघड आता दार, काय भ्या नाय, बायक येवन गेली हा!"

मी कडी काढली. दार सताड उघडलं. इतक्या दिवसांनी अंगावर ऊन आलं तसे डोळे मिटले. उघडले तेव्हा चिटणीसकाका छत्री उगारून उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी माझा खपल्यांनी भरलेला, गुलाबी औषध फासलेला चेहरा बघितला. मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं, इकडे, तिकडे, कोपऱ्यात, दाराच्या मागे. वीस ट्रंका होत्या. खुंट्यांवर सदरे होते. खोलीच्या मधोमध एक चटई होती, तिच्यावर एकाच माणसाच्या अंगाचा खळगा पडलेलं लुगडं, आणि भिंतीला टेकवलेलं एक ताट. काकांची छत्री हळूहळू खाली आली. त्यांनी परत माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला, आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अरे मेल्या, ह्येच्यापेक्षा बायलमाणूस असता तर बरा झाला असता रे!"